परत आलेल्यांची यादी

गोव्याहून आले म्हटलं की लोक समुद्राचं विचारतात. मी समुद्र पाहिला नाही. आठ दिवसांत मी बेचाळीस दगड पाहिले. त्यांतल्या एकेचाळीस दगडांची नोंद मी दिली आहे आणि ती ज्यांना हवी त्यांना मिळेल. हा लेख बेचाळिसाव्याबद्दल आहे. तो ज्या गावात आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

कोल्हापुरात मी एका वाचनालयाची नोंदपुस्तकं सांभाळते. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन आसपासच्या गावांतले वीरगळ बघायचे, मोजायचे, उतरवून घ्यायचे, हा माझा जुना नाद. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड. माझी यादी कुणीतरी डिचोलीच्या एका स्मारक समितीला दाखवली आणि त्यांचं पत्र आलं. गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गोव्याने महाराष्ट्रात यावं की वेगळं राहावं, हा वाद तिथे प्रत्येक चहाच्या दुकानात चालू होता. समितीला आपल्या नव्या सभागृहासाठी हजार वर्षांपूर्वीचा पुरावा हवा होता. इथले लोक तेव्हाही आपलेच होते आणि परक्यांशी लढत होते, हे सांगणारा.

पातळ कागद, काजळी, मोजपट्टी, काथ्याचे दोन ब्रश, खडू, सुंठ, लिंबाचं लोणचं असं सामान भरलं आणि निघाले.

पेडणे

सावंतवाडीहून पत्रादेवीला आले. एकेकाळी इथे परवाना दाखवल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नव्हतं. आता चौकीच्या खोपटात कुणीतरी शेळी बांधली होती. ती मात्र माझ्याकडे तपासनीसासारखी बघत राहिली.

पेडण्याला समितीच्या ओळखीच्या एका घरी उतरले. सकाळी पाववाला आला. त्याला इथे पोदेर म्हणतात. गरम पाव चहाबरोबर समोर आले. मी म्हटलं, आमच्याकडे पाव म्हणजे तापातून उठलेल्या माणसाचं खाणं. घरच्या वहिनी हसून म्हणाल्या, "म्हणजे तुमी पावाक लागून ताप येवची वाट बघतात?" मी चार पाव खाल्ले. खुर्चीला कदेल आणि खिडकीला जनेल म्हणतात हेही इथेच शिकले. दोन दिवसांत भाताच्या शेतांतून हिंडून सतरा दगड झाले. एका बांधावर पाय घसरून उजव्या चपलेचा अंगठा तुटला. तो दोऱ्याने बांधून पुढचा सगळा प्रवास केला.

समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब तिथे भेटायला आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं भाषणासारखं पण मनापासूनचं. त्यांनी मला एक पुस्तिका दिली. तिच्यात मी अजून न पाहिलेल्या बेचाळिसाव्या दगडाचं वर्णन होतं. 'परकीय आक्रमकाशी झुंजताना धारातीर्थी पडलेला आमचा पहिला वीर.'

"हा दगड वाचला कुणी?" मी विचारलं.

"वाचायचंय तुम्हाला, बाई."

"पण छापून झालंय."

"छपाईला वेळ लागतो," भाऊसाहेब म्हणाले. "वाचायला काय, एक दुपार पुरे."

डिचोली

डिचोलीकडे सगळं लाल. खाणीचे ट्रक एकामागून एक सुर्ल्याकडून येतात, आणि झाडांची पानं, बैलांच्या पापण्या, देवळाच्या पायऱ्या, सगळ्यावर तांबडी धूळ बसलेली असते. इथे चोवीस दगड झाले. त्यांतले दोन एका खाणीच्या ढिगाऱ्याखाली जायच्या बेतात होते, ते मी सविस्तर कळवले. खतखतं खाल्लं, आपल्या मिश्र भाजीहून निराळं, पाच-सहा कंद एकत्र आणि वर तिरफळाचा वास.

तिथून त्या गावी गेले. शाळेचे वामन मास्तर न्यायला आले होते. माझी सोय त्यांनी शेवंतीबाय नावाच्या बाईकडे केली होती. घरात ती एकटीच. वय माझ्याइतकं, म्हणजे चाळिशीच्या पुढचं. खाणीवर माती वाहायला जायची. नवरा पुंडलीक अकरा वर्षांपूर्वी खांद्यावर पोतं घेऊन सरहद्दीकडे गेला तो आला नाही. वाटेत मास्तरांनी मला हे सांगितलं, आणि गाव काय म्हणतं तेही. कुणी म्हणे तो चोरटा माल नेई, कुणी म्हणे वेंगुर्ल्याला त्याने दुसरा संसार मांडला. भाऊसाहेबांचं म्हणणं तिसरंच होतं. पोत्यात पत्रकं होती आणि तो सरहद्दीवर मारला गेला.

"खरं काय?"

"पोतां कोणे उघडून बघलां, बाई?" मास्तर म्हणाले.

दगड, दुपारी बारा

गावाची वाट जिथे ओहोळाकडे उतरते तिथे तो उभा आहे. कमरेइतका उंच. गावाकडे पाठ, ओहोळाकडे तोंड. गाव त्याला राखणदार म्हणतं. पायथ्याशी गुळगुळीत खड्यांची रास होती आणि तिच्याआड खालचा कोरलेला भाग झाकला गेला होता. वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा दिसत होत्या, पण लढाई खड्यांच्या मागे.

ट्रक जेवणासाठी थांबले होते. धूळ हवेत तशीच उभी होती. मास्तर शाळेत गेले होते. मी माझ्या रीतीप्रमाणे खडे मोजून बादलीत टाकले. एकतीस. वहीत लिहिलं. दगड धुतला, काथ्याने घासला, कागद लावून ठसा घेतला.

लढाई छान उमटली. दोन माणसं. दोघांच्या डोक्यावर उजवीकडे कललेला तसाच अंबाडा. दोघांच्या हातात तशीच आखूड तलवार. कमरेची वस्त्रंसुद्धा एकाच पद्धतीने नेसलेली. एक पडत होता आणि एक मारत होता, एवढाच काय तो फरक. परका त्यात कुणीच नव्हता. मागे दोन गाई होत्या.

मी ठसा वाळवत होते तेव्हा शेवंतीबाय डोक्यावर घागर घेऊन ओहोळावरून आली. तिने दगड पाहिला. मग बादली पाहिली. घागर तिने हळूच खाली ठेवली.

"ताई, हें तुमी कितें केलें?"

मी सांगितलं की खडे बाजूला काढलेत, मोजलेत, एकही हरवलेला नाही.

ती वळून गावाच्या वाटेकडे बघू लागली. मग म्हणाली, "मगे ते आयले."

"कोण आले?"

"सगळे."

तिने मला जे सांगितलं ते असं. गावातला माणूस लांब जायला निघाला, मग मुंबईला असो, आफ्रिकेत असो की बोटीवर, की तो ओहोळातला एक खडा उचलून राखणदाराच्या पायाशी ठेवतो. परत आला की स्वतःच्या हाताने खडा काढतो आणि ओहोळात टाकतो. रास म्हणजे बाहेर असलेल्यांची गणती. खडा आहे तोवर माणूस वाटेवर आहे. खडा निघाला म्हणजे माणूस गावात आला. त्यात तिसरी गोष्ट नाही.

मी एका दुपारी एकतीस माणसं परत आणली होती.

दुसरा दिवस

मला वाटलं होतं लोक रागावतील. कुणी रागावलं नाही. त्याने मी जास्त अस्वस्थ झाले.

सकाळी उठून बाहेर आले तर प्रत्येक घराच्या पायरीवर पाण्याचा तांब्या, वर झाकणी. दारं सताड उघडी. आणि दोऱ्यांवर कपडे. एवढ्याशा गावात एवढे पुरुषांचे कपडे मी आदल्या दिवशी पाहिले नव्हते. सदऱ्यांवर घड्यांचे पिवळे पडलेले पट्टे, पेटीतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास. एका दोरीवर आफ्रिकेतून आणलेला असावा तसा जाड कोट. एका दोरीवर अगदी जुन्या बेताची बंडी, तशी आता कुणी शिवतही नाही. वारा नव्हता. कपडे उन्हात स्तब्ध लोंबत होते, आणि घराघरांतून फोडणीचा वास येत होता. सणाच्या दिवशी येतो तसा.

शेवंतीबाय कामावर गेली नाही. तिने दाढीचं सामान पुसून जनेलात ठेवलं होतं. मी कालच्यासारखी कदेलावर बसायला गेले तर म्हणाली, "थंय नाका, ताई." मी पाटावर बसले.

"तुम्हाला खरंच वाटतं ते आलेत?"

"खडो काढलो मगे येवंकूच जाय," ती म्हणाली. म्हणजे खडा निघाला की यायलाच हवं. एखादी गाडी वेळेवर येते म्हणावं तशा स्वरात. मग हसली. "येता येता अकरा वर्सां लायलीं. आता मात्सो उशीर जालो तर कितें?"

मास्तरांबरोबर शाळेकडे निघाले. मास्तर शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे. लोक रस्त्याच्या कडेने एकामागून एक चालत होते आणि मधला भाग मोकळा होता. वळणावर मास्तर एकदम बाजूला झाले, समोरून ओझंवाला यावा तसे. समोर कुणी नव्हतं.

"कुणाला वाट दिलीत?"

"सवय," मास्तर म्हणाले. पुन्हा चालू लागल्यावर म्हणाले, "कालपासूनची."

परत येताना मीही मधून चालले नाही. का ते सांगता येणार नाही. माझ्या वहीत तसा रकाना नाही.

दुपारी मास्तरांनी मला आपा गांवकरांकडे नेलं. आपा म्हणजे राखणदाराची पूजा करणारे म्हातारे. मी माफी मागितली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली.

"तुका बोल ना, बाये. तुका कोणे सांगूंक नाशिल्लें. पण एकतीस म्हणटा मगो तूं? आमी गांवचे सोदून सोदून एकूणीस नांवां काडलीं. हेर बारा कोण?"

दोष माझा नाही, पण गावाने शोधून एकोणीसच नावं निघाली, मग उरलेले बारा कोण, असं ते विचारत होते.

"माज्या आज्याच्या आज्यापयलीं गेल्ले आसतले. घर आसा तो घरा वता. हे बारा खंय वतले? तांचीं घरां नात. तांचीं नांवां नात. तांची भास सुद्दां आमकां कळची ना. रस्त्यार उबे आसतले."

ज्याचं घर आहे तो घरी जाईल. या बारा जणांची घरं उरली नाहीत, नावं उरली नाहीत, त्यांची भाषाही आपल्याला समजणार नाही, असं ते म्हणत होते. बाहेर भर ऊन होतं. रस्ता रिकामा होता. मी तो बघत राहिले, आणि तो रिकामा आहे असं मला ठामपणे वाटेना.

आपांनी राखणदाराला प्रसाद लावला. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या दगडावर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय. दोन प्रश्न विचारले. उत्तर आलं ते असं. ज्या हाताने खडे काढले त्याच हाताने ठेवायचे, आणि ज्याचा माणूस त्याने नाव सांगायचं. ज्याला आपला माणूस परत पाठवायचा असेल त्यानेच.

तिसरा दिवस, सकाळ

सगळा गाव जमला. आपांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा शिमेच्या राखणदारा म्हाराजा! ही परगांवची बाय, अजाण, तिणें तुजी गणती मोडली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"मोडली ती तीच मांडटा म्हाराजा! वाटेवयल्यांक वाटेर घाल, घरच्यांक घरा राख म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग एकेक जण पुढे आला. एकाने बोटीवर गेलेल्या भावाचं नाव सांगितलं. एका म्हातारीने मुलाचं नाव इतकं हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. एक जण म्हणाला, "बापायचो खडो दवर. दोन दीसांत घरची शांती गेली." लोक हसले, पण तो हसत नव्हता. मी नाव म्हणायचे आणि खडा ठेवायचे. अठरा. मग आपा म्हणाले, "आनी जे कोण आसात ते." मी बारा खडे नावाशिवाय ठेवले. ते ठेवताना बोटं गार पडली होती. बादलीतलं ओहोळाचं पाणी असेल.

बादलीत एक उरला. शेवंतीबाय पुढे आली नाही.

"शेवंते," आपा म्हणाले, "नांव सांग."

"ना."

"दोन दीस जाले. बोललो तो?"

"ना."

"दिसलो?"

"ना. पूण राव दी," ती म्हणाली. म्हणजे, पण राहू दे त्याला.

एवढ्यात ट्रक आला. मागे सहा माणसं, दोरखंड, साखळी. पुढे ड्रायव्हरशेजारी भाऊसाहेब. दगड त्याच दिवशी सभागृहात न्यायचा होता. शिवाय त्यांच्या हातात एक छापील कागद होता. संगमरवरावर कोरायच्या हुतात्म्यांची माहिती. हजार वर्षांपूर्वीचा वीर आणि कालचा वीर, एकाच गावचे, एकाच छताखाली. त्यांच्या भाषणाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. घरच्यांनी फक्त सांगायचं होतं की माणूस त्या दिवशी गेला आणि परत आला नाही.

भाऊसाहेब शेवंतीबायशी अदबीने बोलले. "बाई, तुम्हाला व्यासपीठावर बसवू. गाव तुमच्या मागे काय बोलतं ते मला माहीत आहे. एकदा नाव दगडात कोरलं गेलं की कुणाची बोलायची छाती होणार नाही."

ते खरं होतं. जमलेल्यांतल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. शेवंतीबायने पदर सारखा केला. एवढा मान तिला आयुष्यात कुणी देऊ केला नसेल.

"मेलो म्हण बरवचें पडटलें?" तिने विचारलं. म्हणजे मेला असं लिहावं लागेल?

"अमर झाले असं लिहू."

"म्हणजे मेलोच मगो."

भाऊसाहेबांनी कागद माझ्याकडे दिला. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच भरा." मग त्यांना दगड आठवला. "आणि वाचन झालं ना?"

मी ठसा उलगडून दाखवला. दोन अंबाडे, दोन तलवारी, दोन गाई.

"यात परका कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. गाईंसाठी शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलंय. आणि आपण ज्याला वीर मानतो तो यातला नक्की कोणता, तेही मला सांगता येत नाही. पुस्तिकेत छापलंय ते दगडावर नाही."

त्यांनी ठसा हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. वाईट माणूस नव्हते. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "साडेचारशे वर्षं आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही कुणीच नव्हता. आम्हाला आमची माणसं परत आणायची आहेत."

"आणलीं तिणें परवां," आपा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तांकां खंय दवरतले तें सांग." म्हणजे, त्यांना ठेवणार कुठे?

"त्यांच्यासाठीच तर सभागृह बांधतोय."

भाऊसाहेबांनी साखळी लावायला सांगितलं. माणसं खाली उतरली नाहीत. ड्रायव्हर मूळचा सावंतवाडीकडचा. त्याने खड्यांकडे पाहिलं आणि स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "ट्रक कंपनीचो आसा, भाऊसायबानू. हात माझे आसत."

मी कागद भरायला घेतला. नाव: पुंडलीक. गाव लिहिलं. पत्नीचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, 'सद्यःस्थिती'. मी शेवंतीबायकडे पाहिलं.

वीस वर्षं मी नोंदी ठेवते आहे. जे पुस्तक कपाटात नाही ते आहे असं मी एकदाही लिहिलेलं नाही.

"घरा," ती म्हणाली.

मी लिहिलं: 'घरी परत आले.' तारीख घातली, परवाची. खाली सही केली.

भाऊसाहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय, बाई?"

"त्या सांगतात ते."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ट्रकमध्ये बसले. ट्रक मागे घेताना बराच वेळ लागला, कारण ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध चाक न्यायला तयार नव्हता.

शेवंतीबायने बादलीतला खडा उचलला, ओहोळाशी गेली आणि पाण्यात टाकला. आवाज लहानसाच झाला. गाव पांगलं. तिला पुढे काय ऐकून घ्यावं लागेल ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. नवरा हुतात्मा नाही, आणि आलेला नवरा कुणाला दिसत नाही.

माझी बस तीनची होती. सामान बांधून मी घरात आले तेव्हा तिने जेवायची तयारी केली होती. भात, आमसुलाची कढी, तळलेले बांगडे. केळीची तीन पानं मांडली होती, तिन्ही वाढलेली. ती एका टोकाच्या पानावर बसली आणि म्हणाली, "बस, ताई. निवता."

मी मधली जागा सोडून बसले.